तांबोरा भाषा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंडोनेशियातील सुंबावा बेटावर एप्रिल १८१५ मध्ये तांबोरा ज्वालामुखीचा जो महाभयंकर उद्रेक झाला, त्याच्याविषयी भूगोलाच्या आणि हवामानाच्या पुस्तकांत पुष्कळ वाचायला मिळते. त्याच डोंगराच्या उतारावर बोलली जाणारी आणि त्या उद्रेकात संपलेली भाषा मात्र बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकली जाते. त्या ओळीत तिला ‘सर्वांत पश्चिमेकडची पापुअन भाषा’ म्हटलेले असते. हे वर्णन चुकीचे नाही. पण त्यातील ‘पापुअन’ या शब्दाचा अर्थ वाचणाऱ्याला वाटतो त्यापेक्षा बराच वेगळा आहे. पुढील प्रश्नोत्तरांचा रोख मुख्यतः त्या शब्दाकडे आणि त्यामागच्या पुराव्याकडे आहे.

तांबोरा भाषा कुठे आणि कोण बोलत असे?

सुंबावा हे लोंबोक आणि फ्लोरेस या बेटांच्या मधले बेट. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्रात घुसलेले एक रुंद द्वीपकल्प आहे आणि ते जवळजवळ सगळे तांबोरा पर्वताने व्यापलेले आहे. उद्रेकापूर्वी सुंबावावर सहा लहान-मोठी राज्ये होती : सुंबावा, दोंपू, बिमा, सांगार, पेकात आणि तांबोरा. यांपैकी तांबोरा राज्याची भाषा ती तांबोरा भाषा. मध, घोडे आणि तांबडा रंग देणारे पतंगाचे लाकूड यांच्या व्यापारासाठी हे राज्य आसपासच्या समुद्रात परिचित होते. बेटाच्या पश्चिम भागात सुंबावा भाषा आणि पूर्व भागात बिमा भाषा तेव्हाही बोलली जात होती, आजही बोलली जाते. या दोन्ही भाषा ऑस्ट्रोनेशियन कुलातल्या, म्हणजे मलय, बाली इत्यादी भाषांच्या मोठ्या घराण्यातल्या आहेत. सुंबावा भाषेचे जवळचे नाते लोंबोकच्या सासाक भाषेशी आणि बाली भाषेशी आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना ऑस्ट्रोनेशियन भाषा आणि मधल्या द्वीपकल्पावर त्यांच्याशी न जुळणारी एक भाषा, अशी या बेटाची भाषिक स्थिती होती.

ती एका रात्रीत नाहीशी झाली, हे खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. पहिला मोठा स्फोट ५ एप्रिल १८१५ रोजी झाला. त्यानंतरचे काही दिवस तुलनेने सौम्य गेले आणि १० एप्रिलच्या संध्याकाळी उद्रेकाने परमोच्च टोक गाठले. तप्त राख, वायू आणि दगडगोटे यांचे लोंढे डोंगराच्या सर्व बाजूंनी समुद्रापर्यंत पोहोचले. पूर्वी सुमारे ४,३०० मीटर उंच असावा असे मानले जाणारे हे शिखर आज साधारण २,८५० मीटर उरले आहे आणि माथ्यावर सुमारे सहा किलोमीटर व्यासाचे विवर आहे. तांबोरा आणि पेकात ही दोन्ही राज्ये पुसली गेली.

त्या वेळी जावा आणि आसपासचा प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात होता. लेफ्टनंट गव्हर्नर थॉमस स्टॅमफर्ड रॅफल्स यांनी लेफ्टनंट ओवेन फिलिप्स यांना तांदूळ देऊन सुंबावाला पाठवले. फिलिप्स यांना सांगारच्या राजाने जी हकिकत सांगितली, ती प्रत्यक्षदर्शीच्या तोंडची प्रमुख साक्ष म्हणून आजही वापरली जाते. तांबोरा आणि पेकात यांची मिळून लोकसंख्या १२,००० च्या आसपास असावी, असे त्या काळच्या इंग्रज वृत्तांतांत म्हटले आहे. त्यांतून केवळ २६ जण वाचले, हा आकडा पुढे भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल यांनी उद्धृत केल्यामुळे सर्वत्र पसरला. आकडे तंतोतंत मानण्याचे कारण नाही, पण त्यांवरून संहाराची व्याप्ती कळते. वाचलेले मूठभर लोक उपासमारीच्या दिवसांत परक्या गावांत गेले असणार आणि तिथे मुलांशी आपली भाषा बोलत राहण्यासाठी लागणारा समाज त्यांच्याभोवती उरला नव्हता.

भाषा मरते तेव्हा एरवी पुष्कळ पिढ्या जातात. आजीआजोबा ती बोलतात, आईवडिलांना ती कळते, नातवंडांना ती येत नाही, आणि या संथ ओहोटीत कोणीतरी अभ्यासक येऊन शब्द, गाणी, व्याकरण नोंदवून ठेवण्याची निदान शक्यता असते. तांबोराच्या बाबतीत ती शक्यताच राहिली नाही. भरभराटीत असलेली, राजदरबारापासून बाजारापर्यंत वापरात असलेली भाषा तिच्या भाषकांसह गेली.

आज या भाषेचे नेमके काय शिल्लक आहे?

एक शब्दसूची. रॅफल्स यांचा जावाच्या इतिहासावरचा दोन खंडांचा ग्रंथ १८१७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला आणि त्याच्या परिशिष्टात द्वीपसमूहातील अनेक भाषांचे शब्द तुलनेसाठी शेजारी शेजारी छापले आहेत. त्यांत तांबोराचा एक रकाना आहे. सूची उद्रेकापूर्वी गोळा झालेली असून तिच्यात ४८ शब्द आहेत : एक ते दहा, वीस आणि शंभर हे संख्यावाचक शब्द, पुरुष, स्त्री, वडील, आई यांसारखी नाती, डोके, डोळे, नाक, हात, पाय असे शरीराचे अवयव, सूर्य, चंद्र, अग्नी, पाणी, दगड, पक्षी, मासा, डुक्कर, काळा-पांढरा आणि चांगला-वाईट.

सूचीत एकही सर्वनाम नाही. एकही वाक्य नाही, आणि क्रियापद कसे चालते हे दाखवणारे काहीही नाही. शब्दक्रम, काळ, लिंग, वचन यांविषयी आपल्या हाती काही येत नाही. या उणिवेचा, विशेषतः सर्वनामे नसण्याचा, वर्गीकरणावर मोठा परिणाम झाला आहे. त्याविषयी पुढे आहेच.

त्या सूचीतील काही शब्द सांगता येतील का?

संख्यावाचक शब्द सर्वांत उपयोगी आहेत, म्हणून ते सगळे देतो. देवनागरीतील रूपे अर्थातच छापील रोमन अक्षरांवरून अंदाजाने दिलेली आहेत. एक सीना, दोन कालाए, तीन नीह, चार कुदे-इन, पाच कुतेलिन, सहा बाता-इन, सात कुंबा, आठ कोनेहो, नऊ लाली, दहा सारोने. वीस म्हणजे सिसारोने आणि शंभर म्हणजे सिमारी. याशिवाय पुरुष याला दोह, स्त्रीला ओनायित, वडिलांना होमोरु आणि रक्ताला किरो असे शब्द नोंदलेले आहेत.

एवढ्यावरूनही काही गोष्टी दिसतात. चार, पाच आणि सहा या तिन्ही शब्दांच्या शेवटी ‘इन’ आहे; हा प्रत्यय असू शकतो, किंवा मोजताना शब्दामागे लावला जाणारा एखादा अंश असू शकतो. विसाच्या शब्दात दहाचा शब्द पूर्णपणे सामावलेला आहे, तेव्हा मोजणी दहाच्या पटीत चालत होती असे मानायला आधार मिळतो. सात, आठ, नऊ या शब्दांत पाचाचा शब्द कुठे दिसत नाही. न्यू गिनीच्या अनेक भाषांत पाचावर आधारलेली किंवा शरीराच्या अवयवांवरून पुढे जाणारी मोजणी आढळते, तशी ही नाही. शंभरासाठी वेगळा शब्द असणारी दशमान पद्धत व्यापार करणाऱ्या समाजाला साजेशी आहे, पण तेवढ्यावरून भाषेचे कुल ठरत नाही. मोजण्याची पद्धत शेजाऱ्यांकडून घेता येते, शब्द आपलेच ठेवूनही घेता येते.

रोमन अक्षरांवरून मूळ उच्चार किती विश्वासाने सांगता येतो?

मर्यादित विश्वासानेच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज अधिकारी स्थानिक शब्द आपल्या कानाला जसे ऐकू येत तसे लिहीत. त्याची फळे मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाची आहेत : पुण्याचे पूना आणि खडकीचे किर्की याच सवयीतून झाले. ‘किर्की’ एवढेच हाती असते आणि खडकी गाव जगातून नाहीसे झाले असते, तर मूळ नावात ‘ड’ होता हे कोणालाही सांगता आले नसते. तांबोराच्या शब्दांची अवस्था अशीच आहे. ‘सीना’मधील स्वर दीर्घ होता की तो केवळ इंग्रजी लेखनाचा भाग आहे, ‘नीह’च्या शेवटी खरोखर ‘ह’ उच्चारला जात होता की श्वास कंठात अडवला जात होता, ‘त’ आणि ‘द’ यांत भाषकांच्या दृष्टीने भेद होता की नाही, हे प्रश्न अक्षरांकडे कितीही पाहिले तरी सुटत नाहीत. थोडी मदत त्याच ग्रंथातील इतर रकान्यांची होते : ज्या भाषा आजही जिवंत आहेत, त्यांचे शब्द तिथे कसे लिहिले गेले हे पडताळून लेखनाच्या सवयी काही प्रमाणात ओळखता येतात.

ही भाषा ऑस्ट्रोनेशियन नाही, हे कशावरून?

या प्रश्नाचे उत्तर सर्वांत ठामपणे देता येते. ऑस्ट्रोनेशियन हे जगातील फार मोठे आणि नीट अभ्यासलेले भाषाकुल आहे. तैवानपासून मादागास्करपर्यंत आणि तिथून पूर्वेला पॅसिफिकमधील दूरच्या बेटांपर्यंत ते पसरले आहे. या कुलाची मूळ संख्यानामे पुनर्रचित झालेली असून ती बहुसंख्य शाखांत सहज ओळखू येतात. तांबोराच्या शेजारची बिमा भाषा पाहा : इचा, दुआ, तोलू, उपा, लिमा, इनी, पिदू, वारू, चिवी, सांपुरू. यातील दुआ आणि लिमा मलय भाषेतही तसेच आहेत. तोलू, उपा, पिदू, वारू यांची भावंडे फिलिपिन्सपासून हवाईपर्यंत सापडतात. आता या ओळीखाली तांबोराची सीना, कालाए, नीह, कुदे-इन, कुतेलिन ही ओळ ठेवली की एकही शब्द जुळत नाही. अवयवांची आणि निसर्गातील वस्तूंची नावेही याच पद्धतीने निराळी पडतात. सूचीतील मोजके शब्द मलय किंवा शेजारच्या भाषांतील शब्दांसारखे आहेत, पण शतकानुशतके समुद्रमार्गे देवघेव करणाऱ्या राज्यात उसने शब्द असणे स्वाभाविकच आहे.

कुलातील एखादी भाषा खूप बदलली तर ती ओळखू येईनाशी होईल, ही शंका रास्त आहे. मात्र दहाच्या दहा संख्यानामे, अवयव, नाती आणि निसर्ग या सर्व क्षेत्रांत एकाच वेळी असा बदल होणे आणि त्याचा कोणताही नियमित माग न उरणे फारच असंभाव्य आहे.

मग ‘पापुअन’ म्हणजे नेमके काय?

सर्वाधिक गैरसमज इथे होतो. मराठी किंवा हिंदी ‘इंडो-आर्यन’ आहेत असे आपण म्हणतो, तेव्हा त्या एका मूळ भाषेपासून निघाल्या आहेत असा दावा आपण करत असतो. ‘पापुअन’ हा शब्द असा दावा करत नाही. न्यू गिनी आणि तिच्या आसपासच्या बेटांवर ऑस्ट्रोनेशियन नसलेल्या ज्या सुमारे ८०० भाषा आहेत, त्यांना सोयीसाठी दिलेले हे नाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाषा-अभ्यासक सिडनी रे यांनी या भाषा मेलानेशियातील (न्यू गिनी आणि तिच्या पूर्वेकडील बेटांच्या प्रदेशातील) ऑस्ट्रोनेशियन भाषांपासून वेगळ्या काढल्या आणि तेव्हापासून हा भेद रूढ झाला. या ८०० भाषांत डझनावारी स्वतंत्र कुले आणि कोणाशीच नाते न लागणाऱ्या कितीतरी एकाकी भाषा आहेत. त्यातले सर्वांत मोठे गृहीत कुल ‘ट्रान्स-न्यू गिनी’ नावाचे आहे आणि त्याच्या सीमा कुठवर मानाव्यात यावरही अभ्यासकांत एकवाक्यता नाही.

तेव्हा तांबोरा ‘पापुअन’ आहे, याचा काटेकोर अर्थ असा होतो की ती त्या भूभागातील ऑस्ट्रोनेशियनपूर्व भाषांच्या थरातली दिसते. ती न्यू गिनीच्या अमुक भाषेची बहीण आहे, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. तांबोराचे लोक न्यू गिनीतून आले होते, असा तर मुळीच नाही. माझ्या मते ‘पापुअन’ हे लेबल वापरायला हरकत नाही, पण ते वापरताना हा खुलासा दर वेळी करायला हवा. तो गाळला की वाचकाच्या मनात नसलेले नाते तयार होते आणि ते पुढे एका लेखातून दुसऱ्या लेखात उतरत राहते.

हे वर्गीकरण प्रथम कोणी मांडले?

ऑस्ट्रेलियन भाषाशास्त्रज्ञ मार्क डोनोह्यू यांनी २००७ मध्ये ‘ओशियॅनिक लिंग्विस्टिक्स’ या नियतकालिकात तांबोराच्या सूचीचे सविस्तर विश्लेषण केले आणि ही भाषा ऑस्ट्रोनेशियन नसून पापुअन असल्याचे प्रतिपादन केले. सूची त्याआधी १९० वर्षे छापील स्वरूपात उपलब्ध होती. तिच्याकडे पुरेशा गांभीर्याने पाहिले गेले नव्हते. डोनोह्यू यांचे म्हणणे असे की आजच्या पापुअन भाषांच्या पश्चिम सीमेच्याही बरेच पलीकडे, सुंबावापर्यंत, अशा भाषा एकेकाळी पसरलेल्या होत्या आणि तांबोरा ही त्यांतली शेवटपर्यंत टिकलेली भाषा.

या मांडणीला इतर विद्याशाखांतून पूरक ठरणारी माहिती आहे. ऑस्ट्रोनेशियन भाषक पूर्व इंडोनेशियात साधारण साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वी पोहोचले असे मानले जाते, आणि माणसाची वस्ती तर त्या बेटांवर त्याआधी हजारो वर्षे होती. त्या आधीच्या लोकांच्या काही भाषा असणारच. जनुकीय अभ्यासांतही पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना आशियाई वंशांश घटत आणि न्यू गिनीच्या लोकांशी जुळणारा अंश वाढत जातो, आणि हा उतार याच बेटांच्या पट्ट्यात ठळक होतो. मात्र जनुके भाषा सांगत नाहीत. आज बिमा किंवा फ्लोरेसमध्ये ऑस्ट्रोनेशियन भाषा बोलणाऱ्या लोकांत दोन्ही अंश आहेत, एवढे लक्षात घेतले तरी हा पुरावा किती ताणायचा याचे भान राहते.

तिमोर, आलोर आणि पंतार बेटांवरील पापुअन भाषांशी तिचे नाते नाही का?

नकाशा पाहिल्यावर हाच प्रश्न आधी सुचतो. तांबोराला सर्वांत जवळच्या ज्ञात पापुअन भाषा म्हणजे पंतार आणि आलोर या बेटांवरील आबुई, तेइवा, कामांग इत्यादी, आणि तिमोर बेटावरील बुनाक, माकासाए, फातालुकू. हे सर्व मिळून तिमोर-आलोर-पंतार नावाचे कुल होते आणि त्याचे एकत्व नियमित ध्वनिसंबंधांनी सिद्ध झालेले आहे. तांबोरा द्वीपकल्पापासून पंतारचे अंतर सरळ रेषेत सुमारे ६५० किलोमीटर भरते आणि मध्ये फ्लोरेसचे लांबलचक बेट आहे, जिथे आज सगळ्या भाषा ऑस्ट्रोनेशियन आहेत.

आबुई भाषेत एक ते सहा असे मोजतात : नुकु, आयोकु, सुआ, बुती, येतिंग, तालामा. सात म्हणताना पाच आणि दोन यांचे शब्द जोडतात. तांबोराच्या ओळीशी याचा मेळ बसत नाही. एखाद्या सुट्या शब्दाचे साम्य या कुलातील कुठल्या ना कुठल्या भाषेत शोधून काढता येईल, कारण भाषा पंचविसांहून अधिक आहेत. पण असे साम्य जितक्या अधिक भाषांत शोधावे तितके त्याचे मोल कमी होते. दोन्ही बाजू फार प्राचीन काळी एकाच मुळाच्या असू शकतील, ही शक्यता नाकारलेली नाही. तिच्या बाजूने पुरेसा पुरावा मात्र पुढे आलेला नाही.

या कुलाचे स्वतःचे दूरचे नातेही वादात आहे, हे इथे सांगणे आवश्यक आहे. न्यू गिनीच्या पश्चिम टोकावरील बोंबेराई द्वीपकल्पाच्या भाषांशी ते जोडावे, अशी मांडणी २०२२ मध्ये टिमोथी अशर आणि अँटोइनेट शापर यांनी विस्ताराने केली. त्याआधी २०१४ मध्ये हाच पुरावा अपुरा असल्याचे मत मांडले गेले होते. जिथे व्याकरणे, कोश आणि जिवंत भाषक उपलब्ध आहेत तिथे ही स्थिती आहे.

तांबोरा भाषा कंबोडिया-व्हिएतनामकडच्या भाषांशी संबंधित होती, असेही वाचायला मिळते. त्यात तथ्य आहे का?

हे मत २००४ च्या उत्खननानंतर प्रसारमाध्यमांतून पसरले. ऱ्होड आयलंड विद्यापीठाचे ज्वालामुखीशास्त्रज्ञ हाराल्दुर सिगुर्दसन यांच्या पथकाला डोंगराच्या उतारावर सुमारे तीन मीटर राखेखाली जळून कोळसा झालेले एक घर, दोन माणसांचे अवशेष, पितळी-कांस्य भांडी आणि मातीची भांडी सापडली. भांड्यांचे साम्य इंडोचायनातील भांड्यांशी दिसल्यामुळे, आणि भाषाही तिकडच्या मोन-ख्मेर समूहासारखी असावी या समजुतीमुळे, हे लोक तिकडून आले असावेत असा तर्क केला गेला.

भाषेच्या बाजूने या तर्काला आधार मिळत नाही. ख्मेर भाषेत मुय, पी, बेई, बुऑन, प्राम असे मोजतात. व्हिएतनामीत मोत, हाय, बा, बोन, नाम. तांबोराच्या संख्यांशी यांतले काहीच जुळत नाही. भांडी व्यापारातून येतात, आणि हे राज्य व्यापारीच होते. उत्खननाचे महत्त्व त्यामुळे तसूभरही कमी होत नाही : घराची रचना, हत्यारे आणि भांडी यांवरून तांबोराच्या दैनंदिन जीवनाविषयी जे कळते, ते कोणत्याही शब्दसूचीतून कळले नसते.

पापुअन भाषा बोलणाऱ्यांचे राज्य आणि समुद्री व्यापार, ही जोडी विसंगत नाही का?

न्यू गिनीच्या डोंगराळ भागातील लहान शेतकरी समाजांचेच चित्र मनात असेल तर तसे वाटते. पण पूर्व इंडोनेशियातील हालमाहेरा बेटाजवळील तेर्नाते आणि तिदोरे या लवंगेच्या व्यापारावर वाढलेल्या दोन बलाढ्य सल्तनतींच्या भाषाही ऑस्ट्रोनेशियन नव्हत्या; त्या उत्तर हालमाहेरा गटातल्या आहेत आणि ‘पापुअन’ या नावाखालीच मोडतात. म्हणजे तांबोराचे उदाहरण विरळ आहे, एकमेव नाही.

४८ शब्द पुरेसे का नाहीत? शब्द तर शब्दच असतात.

भाषांचे नाते सुट्या शब्दांच्या साम्यावर ठरत नाही; ते नियमित ध्वनिसंबंधांवर ठरते. संस्कृतातल्या कर्ण, पर्ण या शब्दांची मराठीत कान, पान अशी रूपे झाली, सप्त आणि भक्त यांची सात आणि भात झाली. जोडाक्षर सुटे होताना आधीचा स्वर दीर्घ होतो, हा नियम एका शब्दापुरता नाही, तो ओळीने शब्दांना लागू पडतो, आणि म्हणूनच तो पुरावा ठरतो. उलट ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ आणि इंग्रजीतला ‘बॅड’ उच्चाराने आणि अर्थाने इतके जवळ असूनही त्यांचा परस्परांशी ऐतिहासिक संबंध नाही. तो निव्वळ योगायोग आहे.

एक नियम स्थापन करायला तोच ध्वनी असलेले अनेक शब्द दोन्ही भाषांत लागतात. भाषेत साधारण वीस-पंचवीस ध्वनी असतील, तर ४८ शब्दांत प्रत्येक ध्वनी निरनिराळ्या स्थानी मोजक्याच वेळा येतो. त्यातून उसने शब्द वगळायचे, लेखनाच्या अनिश्चिततेसाठी मोकळीक ठेवायची, आणि समोरच्या भाषेतही तोच अर्थ असलेला शब्द टिकून राहिलेला असावा लागतो. या गाळण्यांतून शेवटी जे उरते त्यावर नियम उभा राहत नाही. नकार देण्यासाठी मात्र एवढी सामग्री पुरते, विशेषतः समोरचे कुल ऑस्ट्रोनेशियनसारखे सुपरिचित असेल तेव्हा. तांबोराच्या बाबतीत ‘काय नाही’ हे ठाम आणि ‘काय आहे’ हे संदिग्ध राहिले, त्याचे कारण हे असे आहे.

सर्वनामांचा अभाव इथे सर्वांत जास्त जाणवतो. भाषाशास्त्रज्ञ माल्कम रॉस यांनी २००५ मध्ये पापुअन कुलांची जी मांडणी केली ती प्रामुख्याने सर्वनामांवर आधारलेली आहे, कारण सर्वनामे सहसा उसनी घेतली जात नाहीत आणि दीर्घकाळ टिकतात. ज्या कसोटीवर इतर शेकडो भाषा लावल्या गेल्या, ती तांबोराला लावताच येत नाही.

भारतात याच्या जवळचे उदाहरण आहे का?

नामशेष झालेले नव्हे, पण वर्गीकरणाच्या दृष्टीने तोलाचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद परिसरात, सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाली भाषा बोलली जाते. भाषक जेमतेम काही हजार आहेत. तिच्यात कोरकूचे शब्द मोठ्या संख्येने आहेत, मराठी-हिंदीचे आहेत, द्राविडीही आहेत. तीन आणि चार यांना मोथो आणि नालो म्हणतात, ते द्राविडी आहेत, तर पाचासाठी आर्यभाषेतून आलेला शब्द आहे. हे सगळे थर बाजूला केल्यावर उरणारा गाभा कोणत्याही ज्ञात कुलाशी जुळत नाही, म्हणून अनेक अभ्यासक तिला एकाकी भाषा मानतात. डच विद्वान कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला होता. निहालीवरून दोन गोष्टी शिकायला मिळतात : संख्यानामेसुद्धा उसनी घेतली जातात, आणि जिवंत भाषक समोर असूनही नाते न लागणे शक्य आहे. निहालीचे भाषक आज आहेत आणि त्यांच्याकडून अजून पुष्कळ नोंदवून घेता येईल, हा दोन्ही भाषांतला फरक मला अतिशय महत्त्वाचा वाटतो.

आज तांबोरा परिसरात त्या भाषेचा काही अंश ऐकू येतो का?

उद्रेकानंतर कित्येक वर्षे हा प्रदेश ओसाड होता. स्विस निसर्गशास्त्रज्ञ हाइनरिश झोलिंगर १८४७ मध्ये पर्वतावर चढले, तेव्हाही विध्वंसाच्या खुणा स्पष्ट होत्या. पुढे बिमा, सुंबावा आणि इतर बेटांवरून लोक येऊन वसले, कॉफीचे मळे झाले, आणि २०१५ मध्ये उद्रेकाच्या द्विशताब्दीच्या वेळी तिथे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. आजची वस्ती जुन्या भाषकांची वंशज नसून नंतर आलेल्यांची आहे, त्यामुळे अखंड परंपरेने काही शब्द टिकले असतील असे मानता येत नाही. आख्यायिका आहेत : राजाने एका धर्मनिष्ठ मुसलमानाशी दुष्टपणा केला म्हणून डोंगर पेटला, ही कथा त्या भागात सांगितली जाते. बिमा राज्यात १८३० च्या सुमारास मलय भाषेत रचलेल्या दीर्घ काव्यातही उद्रेकाचे वर्णन आहे. पण या सर्व स्मृती शेजाऱ्यांच्या भाषांत आहेत.

आपल्या लिखाणात या भाषेचा उल्लेख कसा करावा?

‘तांबोरा : सुंबावा बेटावरील, १८१५ मध्ये नामशेष झालेली, ऑस्ट्रोनेशियन नसलेली भाषा, पापुअन भाषांत गणली जाते, कुल अनिश्चित’ असे लिहिले तर पुरावा जितका आहे तितकेच म्हटले जाते. ‘ट्रान्स-न्यू गिनी कुलातील’ किंवा ‘तिमोर-आलोर-पंतार शाखेतील’ असे लिहू नये. ‘एकाकी भाषा’ हा शब्दही जपून वापरावा, कारण पुरेशी सामग्री तपासून नाते न सापडणे आणि तपासायला सामग्रीच नसणे या दोन भिन्न अवस्था आहेत. निहाली पहिल्या अवस्थेत आहे, तांबोरा दुसऱ्या.

हे वर्गीकरण पुढे बदलू शकेल का? कोणत्या पुराव्याने?

बदलू शकेल, आणि तो पुरावा दोन दिशांनी येऊ शकतो. एक दिशा अभिलेखागारांची आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीचे सुंबावाच्या राज्यांशी सतराव्या शतकापासून करारमदार होते आणि त्या कंपनीची दफ्तरे हेग आणि जकार्ता येथे जतन केलेली आहेत. करार डच आणि मलय भाषांत असत, पण त्यांत गावांची नावे, स्थानिक हुद्दे आणि व्यापारी मालाची स्थानिक नामे येतात. राजांची नावे मुसलमानी वळणाची असल्याने त्यांचा उपयोग नाही. लहान गावे, ओढे आणि टेकड्या यांची नावे मात्र एकत्र करून पाहण्यासारखी आहेत, कारण अशा नावांत शेवटचे अक्षर पुन्हा पुन्हा एकच आढळले तर प्रत्ययांचा अंदाज बांधता येतो. दुसरी दिशा तुलनेच्या पलीकडच्या टोकाची आहे. आलोर-पंतार आणि बोंबेराई येथील भाषांची मूळ रूपे जसजशी अधिक अचूकपणे पुनर्रचित होतील, तसतसे तांबोराचे ४८ शब्द आजच्या एखाद्या भाषेऐवजी काही हजार वर्षांपूर्वीच्या रूपांशी ताडून पाहता येतील, आणि योगायोगाची शक्यता त्या प्रमाणात घटेल. यापैकी कोणत्याही मार्गाने ‘मी’ आणि ‘तू’ यांचे तांबोरा शब्द हाती आले, तर आजवरच्या सूचीतील कोणत्याही शब्दापेक्षा ते अधिक निर्णायक ठरतील.